कोपऱ्यातल्या टेबलाचा गिर्यारोहक

डोंगराच्या बाबतीत आमच्या गावात माझा शब्द शेवटचा! कुणालाही विचारा. कचेरीत दर शुक्रवारी कोणीतरी माझ्या टेबलाशी येतं आणि विचारतं, "कास्पर, रविवारी वर हवा कशी राहील?" मग मी खिडकीशी जातो, डोळे बारीक करतो, लामेनहॉर्नच्या टोकाकडे जरा वेळ बघतो आणि म्हणतो, "अकरानंतर वारा धरेल." आमच्या दरीत अकरानंतर वारा रोजच धरतो. पण ते सांगायची एक पद्धत असते.

मी, कास्पर त्सुरफ्लू, गावच्या कचेरीत रद्दीचा विभाग सांभाळतो. लोकांनी दाराबाहेर ठेवलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने चौफेर बांधलेले आहेत का ते बघायचं, नसतील तर त्यावर तांबडी चिठ्ठी चिकटवायची. काम बारीकसं, पण सचोटीचं. आणि डिसेंबर ते एप्रिल, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रोपवेने वरच्या स्टेशनवर जायचं आणि तिथून बर्फातून अडीच तास चालत लामेनहॉर्नचं शिखर गाठायचं. अकरा वर्षं! हिशेब केलात तर पंचावन्न वेळा होतात.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एकदाही नाही.

तसा हेतू वाईट नव्हता हो. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि ते स्वतःच खुर्चीत बसले. "चाला! डोंगर चढा!" म्हणाले. मी चढायलाच निघालो होतो. वरच्या स्टेशनवर उतरलो तर असं वादळ, की माझी टोपी माझ्याआधी शेजारच्या खोऱ्यात पोचली. म्हणून जरा कॉफी घ्यायला तिथल्या हॉटेलात शिरलो. शेगडीजवळ कोपऱ्यातल्या टेबलावर तिघं जण पत्ते पिसत बसले होते आणि दाराकडे बघत होते. आमच्याकडचा 'यास'चा डाव चौघांशिवाय रंगत नाही. त्यातला योस्त म्हणाला, "बसा की राव, वादळ थांबेपर्यंत!"

वादळ वीस मिनिटांत थांबलं. मी साडेचार वाजता उठलो.

घरी आलो तर माझ्या बायकोने, रेगुलाने, माझ्यासाठी गरम पाण्याचं घमेलं भरून ठेवलेलं. माझे पाय त्यात ठेवले आणि एवढ्या कौतुकाने विचारलं, "कसं होतं रे वर?" मी म्हणालो, "छान." बस, एवढंच! एका शब्दाने घात केला!

पुढच्या महिन्यात नुसतं 'छान' पुरेना. मग मी सूर्योदय सांगितला. मग डोंगरबोकडांचं एक कुटुंब सांगितलं: आई, बाप, म्हातारा आजोबा बोकड. दुसऱ्या वर्षी त्यांना पिल्लं झाली. पाचव्या वर्षी आजोबा वारला. रेगुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. नाकाडोळ्यांवर बर्फातलं ऊन लागल्याच्या खुणा हव्यात म्हणून दर वेळी जेवणानंतर अर्धा तास मी काळा चष्मा लावून हॉटेलच्या गच्चीत बसायचो. परतताना गुडघ्यांना बर्फ चोळायचो. कलाकाराला मेहनत चुकत नाही!

आणि यंदाच्या नववर्षाच्या जेवणात रेगुला म्हणाली, "फेब्रुवारीत मला पन्नास पूर्ण होतायत. मला अंगठी नको, काही नको. पहिल्या रविवारी तुझ्याबरोबर लामेनहॉर्नला यायचंय."

माझ्या घशात मॅकरोनी अडकली.

"अगं, फार अवघड आहे तो!"

"तू आहेस ना बरोबर? पंचावन्न वेळा गेलायस."

आमची रेगुला औषधाच्या दुकानात काम करते. शांत बाई. भांडली तर मला काही वाटत नाही. पण एकदा मी तिच्या आईची फुलदाणी फोडून मांजरावर ढकललं होतं, तेव्हा ती नऊ दिवस माझ्याशी फक्त आवश्यक तेवढंच बोलली होती. "मीठ." "दार." "झोप." एका फुलदाणीला नऊ दिवस, तर पंचावन्न शिखरांना किती? मी त्रैराशिक मांडलं आणि घाम पुसला. नुसता अबोला असता तरी निभावलं असतं. पण दर पहिल्या रविवारी घमेलं भरताना तिच्या चेहऱ्यावर जे कौतुक असायचं, ते मला गमावायचं नव्हतं. कचेरीत काय, घरात काय, माझं दुसरं कौतुक होण्यासारखं आहे तरी काय?

तेव्हा मी योजना आखली. योजना साधी होती. रोपवेवरच्या बेआटला फोन केला: "रविवारी बायको बरोबर आहे. मला त्या टेबलाचा माणूस म्हणून ओळखू नकोस." हॉटेलवाल्या मार्लीसला फोन केला: तेच. योस्तला फोन केला: तेच. तिघांनीही "बेफिकीर राहा!" म्हणून सांगितलं. बेआट जरा गोंधळलेला वाटला. "म्हणजे तुलासुद्धा नाही ओळखायचं?" म्हणाला. मी म्हटलं, अर्थात!

रविवारी सकाळी साडेआठला पाळण्याच्या दारात बेआट उभा. मला बघताच त्याने हात पुढे केला.

"या, या! पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?"

"अकरा वर्षं येतोय हा," रेगुला म्हणाली.

"हो का? मी तर यांना जन्मात पाहिलं नाही!" बेआट ओरडला. "आणि तुम्हालाही नाही!"

"मला कसं बघाल? मी कुठे येते इथे?"

"तेच तर म्हणतोय बाई!" बेआटच्या कपाळावर उणे आठ तापमानात घाम. मग त्याने दहा मिनिटं मला समजावलं की दाराला टेकू नये, कान दडले तर आवंढा गिळावा, आणि खाली हे जे पांढरं पांढरं दिसतंय त्याला बर्फ म्हणतात.

"इथली माणसं दर हंगामाला बदलतात," मी रेगुलाच्या कानात म्हणालो. तेवढ्यात बेआट वळला. त्याच्या छातीवर बिल्ला: 'सेवेची पंचवीस वर्षे'.

रेगुलाने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे जरा हलत होते. मला वाटलं, थंडी!

वरच्या स्टेशनवर उतरलो आणि हॉटेलच्या उलट बाजूने मी तिला घेऊन निघालो. चार पावलं गेलो असेन, तोच दार उघडलं आणि योस्तचा फ्लॉकी बाणासारखा बाहेर सुटला. सगळ्यांना फोन केले होते, कुत्र्याला करायचा राहून गेला! दर वेळी सॉसेजची साल मी त्याच्यासाठी उजव्या खिशात ठेवतो. त्याने दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले आणि तोंड थेट उजव्या खिशात घातलं.

"ओळखतो वाटतं तुला," रेगुला म्हणाली.

"डोंगरातल्या माणसाचा वास येतो त्यांना. जनावराला कळतं."

खिडकीत बघतो तर कोपऱ्यातल्या टेबलावर तीन मेनूकार्डं उभी. तीनही उलटी. मागून सहा कान दिसत होते. आणि मार्लीस दारात येऊन गात असल्यासारखी म्हणाली, "टेबल हवंय का, अनोळखी पाहुणे?"

"नको, नको! आम्ही शिखराकडे!" मी छाती काढली आणि दिसेल त्या वाटेने चालू लागलो.

आता वाट कुठली? अकरा वर्षं मी शेगडीकडे तोंड करून बसलेला माणूस! पण हिवाळी वाटेच्या गुलाबी काठ्या रोवलेल्या दिसल्या. म्हटलं, काठ्यांमागे जावं, कधी ना कधी शिखर येईल. वाट अगदी सपाट होती. "सुरुवात अशीच फसवी असते," मी रेगुलाला समजावलं. एक तरुण बाप मुलाची बाबागाडी ढकलत आम्हाला मागे टाकून गेला. "बघ, केवढा धोका पत्करतात लोक!" मी म्हणालो. मग वाट डावीकडे वळली. मग अजून डावीकडे. मग अजून. पाऊण तासाने एका टेकाडाला वळसा घातला आणि समोर एक छान लाकडी हॉटेल.

"कास्पर, हे तेच हॉटेल ना?"

तेच होतं. मागची बाजू. खिडकीत योस्त नुकताच निवांत होऊन पत्ते वाटत होता. त्याने मला बघितलं आणि आख्खाच्या आख्खा टेबलाखाली गेला.

"हो, हो! तेच!" मी म्हणालो. "अनुभवी माणसं आधी एक फेरी मारतात. फुफ्फुसं उघडतात त्याने."

"असं होय? उघडली का तुझी?"

हॉटेलच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी, दिशेची पाटी होती. 'लामेनहॉर्न, अडीच तास.' अकरा वर्षं ती पाटी माझ्या पाठीमागे सहा पावलांवर उभी होती!

इथून बर्फ खोल होता, म्हणून मी पिशवीतून बर्फात घालायच्या पसरट चपला काढल्या. दुकानातल्या प्लास्टिकच्या पट्टीने त्या अजून एकमेकींना बांधलेल्या.

"नव्या घेतल्यास?"

"दर वर्षी घ्याव्या लागतात. झिजतात."

पट्टी दातांनी तोडली, चपला चढवल्या आणि निघालो. दर चौथ्या पावलाला मी पुढे आडवा होत होतो. तेवढ्यात वरून एक म्हातारी खाली येताना दिसली. ऐंशीच्या पुढची, लोकरीचे मोजे, हातात काठी, आणि चालणं असं की जणू दुधाला निघालीय! आमच्या डोंगरात येणारा-जाणारा प्रत्येक जण एकमेकांना रामराम घालतोच. ती थांबली आणि हसून म्हणाली, "काय, आज उशीर?"

काय सांगू तुम्हाला! देवच भेटला! म्हातारीची नजर अधू असेल, तिने मला दुसराच कोणी समजलं असेल. पण साक्षीदार तो साक्षीदार! मी गडबडीने म्हणालो, "हो आजी, आज जरा उशीरच झाला बघा! नाहीतर एव्हाना आपण वरच भेटतो!" आणि रेगुलाकडे अभिमानाने बघितलं.

म्हातारीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही चपला उलट्या घातल्यात," म्हणाली आणि निघून गेली.

रेगुला खाली वाकली, दोन झटक्यांत माझ्या चपला सरळ केल्या, पट्टे आवळले. "दुकानात बारीक कामाची सवय आहे मला," म्हणाली.

त्यानंतरचे दोन तास मला नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की रेगुला पुढे होती, माझं हृदय कानात वाजत होतं, आणि मधूनमधून ती थांबून अगदी प्रेमाने विचारत होती.

"तुझे बोकड कुठे दिसतात रे?"

"या महिन्यात... पलीकडच्या... उतारावर..."

"आणि तो खडक, जिथे तू नेहमी बसून संत्रं खातोस?"

"बर्फाखाली... गेला..."

शेवटच्या चढाला शिखरावरचा लाकडी क्रॉस दिसला. अंगात बळ आलं. म्हटलं, सुटलो! वर पोचायचं, फोटो काढायचा, खाली यायचं. कुणाला काही कळत नाही! आणि तेवढ्यात रेगुला म्हणाली, "वहीत दर वेळी लिहितोस ना तू?"

वही! क्रॉसच्या खाली पत्र्याच्या डब्यात वही असते! आमच्या देशात असं एक शिखर दाखवा, जिथे वही नाही! वर पोचणारा प्रत्येक माणूस तिथे नाव, तारीख आणि हवा लिहून ठेवतो. बारा महिने, वर्षानुवर्षं. आणि मी, कागद हाच ज्याचा धंदा, त्याच्या डोक्यातून ही वही साफ निसटली होती!

"गिर्यारोहण मंडळ... दर वर्षी जुनी वही... खाली नेतं," मी धापा टाकत एक पुडी सोडून बघितली.

"नाही नेत. ती भरेपर्यंत तिथेच असते. हिवाळ्यात येतंच कोण? भरायला पंधरा-पंधरा वर्षं लागतात."

मी मनातल्या मनात काय काय केलं ते विचारू नका. पुढे धावून वही कड्यावरून भिरकावून द्यायची, हा विचारही येऊन गेला. दुसऱ्याच्या ढिल्या गठ्ठ्यावर तांबडी चिठ्ठी लावणारा मी! त्या विचाराचीच मला लाज वाटली. बघितलं तर रेगुला क्रॉसपाशी पोचली होती. गाल लालबुंद, डोळे चमकत होते. डब्याच्या झाकणावर तिचा हात होता आणि ती माझी वाट बघत होती. पन्नासावा वाढदिवस बाईचा! हिने मला एवढं कौतुक दिलं आणि मी हिला अकरा वर्षं काय दिलं? मेलेला बोकड!

"रेगुला, थांब! उघडू नकोस," मी म्हणालो. "मी इथे कधी आलोच नाही."

तिचा हात झाकणावरून हलला नाही.

"एकदाही नाही. मी खाली हॉटेलात पत्ते खेळत असतो. रोपवेने वर येतो, दिवसभर खातो, रोपवेने खाली जातो. सूर्योदय खोटा. बोकड खोटे. आजोबा तर होताच कुठे! मला माफ कर." 

तिने डबा उघडला, वही काढली आणि मागची पानं उलटून माझ्या हातात दिली. "वाच."

अक्षर मी ओळखलं. पंचवीस वर्षं वाणसामानाच्या यादीत बघतोय!

'रेगुला त्सुरफ्लू. पहिला रविवार, फेब्रुवारी. वादळ थांबलं. काळजी वाटली म्हणून कास्परच्या मागून आले. तो हॉटेलात सुखरूप आहे. परतीचं तिकीट काढलंच होतं, वाया कशाला घालवायचं, म्हणून चालत वर आले.'

पान उलटलं. 'रेगुला त्सुरफ्लू. ऊन. कास्पर खाली, हरतोय.' पुढे: 'धुकं. कास्परचे बोकड शोधले. दिसले नाहीत.' पुढे: 'आजोबा बोकड गेला, हे आज वाटेत काठीवाल्या आग्नेस आजींना सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं.' म्हणजे मघाशी म्हातारीने 'आज उशीर?' विचारलं ते हिला!

पंचावन्न नोंदी! एक पहिला रविवार चुकलेला नव्हता. मी मटकन बर्फात बसलो. आधी शरम वाटली. मग एकदम राग आला.

"म्हणजे अकरा वर्षं तू मला फसवत होतीस? दर पहिल्या रविवारी बहिणीकडे जाते म्हणून सांगायचीस!"

रेगुला इतकी हसली की तिलाही खाली बसावं लागलं. "बहीण पण येते कधी कधी," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझ्याआधी दोन तास घरी पोचायचं आणि घमेल्यात पाणी भरायचं, तेवढी धावपळ व्हायची. परवा बेआटला फोन करून म्हटलं की रविवारी मला ओळखू नका, तर बिचारा रडायलाच आला. म्हणे, बाई, आता मी ओळखू तरी कोणाला?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने हातमोज्यांवरचा बर्फ झटकला. "तू इतकं छान सांगायचास रे! मी वर येऊन बघायची तर बर्फ आणि वारा. घरी यायची तर सूर्योदय काय, बोकड काय! मला ऐकायचं असायचं." मग म्हणाली, "पण पन्नास झाले. एकटीने चढायचा कंटाळा आला. आणि तू किती वर येतोस, तेही बघायचं होतं. मला वाटलं होतं, कचऱ्याच्या डब्यांजवळच्या पाटीपाशीच कबूल होशील."

तिने पेन्सिल पुढे केली. मी वहीत लिहिलं: 'कास्पर त्सुरफ्लू. पहिल्यांदा.' खाली तारीख आणि हवा. नोंद कशी, स्वच्छ हवी. मग आम्ही दोघांनी एकाच रुमालाने डोळे पुसले; तिचे हसून ओले झाले होते, माझे कशामुळे ते राहू द्या.

तेव्हापासून आम्ही जोडीनेच चढतो. चपला सरळ घालतो. रक्तदाब उतरलाय, डॉक्टर आता मला बघून उभेसुद्धा राहतात. कचेरीत हवा सांगतो ती अनुभवाने सांगतो. म्हटलं, एकूण माझा विजयच झाला!

एप्रिलच्या पहिल्या रविवारी रात्रीचं जेवण झालं, आणि रेगुला समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. म्हणाली, "हं, सांग. कसं होतं वर?"

"अगं, तू होतीस की बरोबर!"

"तरी सांग ना."

मी विचार केला. खूप विचार केला. "बर्फ होता," मी म्हणालो. "वारा होता. डाव्या पायाला फोड आलाय."

"अजून?"

"अजून... उजव्याला पण."

रेगुलाने वर घेतलेले पाय खाली ठेवले. मग तिने एक लांब सुस्कारा सोडला.

"कास्पर," ती म्हणाली, "डिसेंबरात तू आपला हॉटेलातच बस."